तळव्याकडं कोण बघतंय?

इस्लामपुरात दोन लाखांची गाडी घेणारा माणूस हातमोज्यांना दोनशेच्या वर एक रुपया सोडत नाही, आणि वर त्याला व्यवहार म्हणतो. सायलेन्सर बदलायला त्याच्याकडं पैसे असतात. पसंतीच्या नंबरासाठी आरटीओत भरायला असतात. गाडी दारात आली की हार, नारळ, पेढे, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग होतं. मग कुणीतरी आठवण करतं, 'हँडग्लोज घे की रं एक,' आणि स्वारी रस्त्याकडेला दोरीवर टांगलेल्या मोज्यांतली एक जोडी ओढून घेते. दीडशे सांगितले, एकशेवीसला दिले. वाचवलेल्या तीस रुपयांचा आनंद दिवसभर तोंडावर असतो.

ही जोडी एकदा हातात घेऊन नीट बघा. वरच्या बाजूला काळं चकचकीत प्लास्टिक, त्यावर कार्बन फायबरची छापील नक्षी, बोटांच्या पेरांवर टेंगळं, मधोमध लाल पट्टी आणि कुठल्यातरी परदेशी रेसिंग कंपनीचं एक अक्षर चुकवलेलं नाव. आता उलटी करा. तळव्यावर पातळ रेक्झिन, तेही तुकडे जोडून. बोटांच्या आतल्या बाजूला जाळीदार कापड. अंगठ्याच्या मुळाशी एकेरी शिवण, जरा ताणली की टाक्यांमधून पलीकडचं दिसतं. मनगटाला इलास्टिक आणि बोटभर रुंदीचा वेल्क्रो, दिवाळीत घेतला तर शिमग्याला सुटलेला. जी बाजू चौकातल्या लोकांना दिसते तिथं सगळा माल, आणि जी बाजू डांबरावर आपटणार तिथं काही नाही.

या धंद्याचं सगळं इंगित एवढंच आहे. आपण हातमोजे हातासाठी घेत नाही, बघणाऱ्यांसाठी घेतो. आणि बघणारा तळवा कधी बघत नाही.

पडणारा माणूस मात्र तळव्यावरच पडतो. तोल गेला की हात पुढं जातात, हे कुणाला शिकवावं लागत नाही आणि कितीही शिकवलं तरी थांबवता येत नाही. बुलेटवाला असो, स्प्लेंडरवाला असो, स्कूटीवरच्या मॅडम असोत, जमिनीला पहिला टेकतो तो तळहात. टेकल्यावर दोन गोष्टी होतात: तो घासतो, नाहीतर अडकतो. घासला तर कातडी जाते. तळहाताची कातडी अंगावर तळपाय सोडला तर दुसरीकडं नाही. जाड, बिनकेसांची, रेघारेघांची, खालच्या मांसाला घट्ट धरून बसलेली. म्हणून तर कोयत्याची मूठ हातात फिरत नाही. मांडीची कातडी काढून तिथं लावतात, जखम भरते, पण त्या उसन्या कातडीला तळव्याची जाण आणि तग पूर्ण येत नाही. आपला वाळवा तालुका हातावर चालतो. ऊसतोड, द्राक्षाची छाटणी, धारा काढणं, गॅरेजमधला पाना, शिलाई मशीन, संगणकाचा कीबोर्ड, काय वाटेल ते घ्या. ज्याचं पोट हातावर आहे त्यानंच हात उघडा ठेवून ऐंशीनं गाडी हाणावी, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

अडकण्याची गोष्ट त्याहून वाईट. तळवा डांबराला धरून राहतो, अंग पुढं जातं आणि मनगट मागं मुडपतं. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं एक लहान हाड आहे. त्याला रक्त मिळतं ते बोटांकडच्या टोकानं. मधोमध मोडलं की कोपराकडचा तुकडा उपाशी पडतो, सांधायला महिनोन्‌महिने लागतात, कधी सांधतच नाही. पहिल्या एक्स-रेत ही मोड बऱ्याचदा दिसतही नाही. मग घरात निकाल लागतो: मुका मार आहे, हळद-तुरटी लावा, चार दिवसांत उतरेल. चार दिवसांत सूज उतरते. वर्षभरानं तोच माणूस सांगतो, 'बादली उचलली की मनगटात कळ येते.' कळ येणारच.

चांगल्या मोज्याच्या तळव्यावर, मनगटाला लागून जो उंचवटा असतो तिथं, एक गुळगुळीत कडक तुकडा बसवलेला असतो. त्याला स्लायडर म्हणतात. त्याचं काम एकच: हात अडकू न देता घसरवत नेणं. आणखी एक बारकाई सांगतो. शर्यतीच्या मोज्यांत करंगळी शेजारच्या बोटाला कातड्याच्या छोट्या पट्टीनं जोडलेली असते. घसरताना करंगळी एकटी सापडली की आत वळते आणि हाताखाली चिरडते; जोडीदार असला की बचावते. ज्यानं हे शोधलं त्यानं पडलेल्या माणसांचे हात बघितले होते. आपल्याकडं मोजा शिवणाऱ्यानं फक्त गिऱ्हाइकाचे डोळे बघितले आहेत.

आता कुणी म्हणेल, इस्लामपुरात कसली आली शर्यत? बरोबर. शर्यतीच्या ट्रॅकवर ना उसाची डबल ट्रॉली असते, ना तिच्यातून गळालेली मोळी, ना रस्ताभर पसरलेलं ओलं वाढं. तिथं रात्री बिनरिफ्लेक्टरची बैलगाडी समोर उभी राहत नाही. पेठ-सांगली रस्त्यानं इतकी वर्षं किती माणसं खाल्ली ते आष्ट्यापर्यंतच्या कुठल्याही टपरीवर विचारा. महामार्गावर सातारा ते कागल सहापदरीकरण सुरू झालं आणि वळणरस्त्यांवर बारीक खडी आली. पेठ नाक्याकडून वळताना पुढचं चाक त्या खडीवर गेलं की ब्रेक आणि नशीब दोन्ही हातातून सुटतात. गावाचं नाव ईश्वरपूर करायची घोषणा 2025 मध्ये विधानसभेत झाली. खडीला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. शर्यतीत पडणारा गवतावर नाहीतर वाळूत जाऊन थांबतो. आपण थांबतो ते मैलाच्या दगडाला, ट्रॉलीच्या चाकाला, नाहीतर दुभाजकाला. मग मोजा कुणाला जास्त चांगला पाहिजे?

केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली आणि त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. हे झाले मेलेले. हात गमावलेल्याचा, बोटं न वळणाऱ्याचा, नोकरी सुटलेल्याचा वेगळा रकाना कुणी ठेवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 हेल्मेटपाशी थांबतं. 194 ड प्रमाणे दंड हजार रुपये आणि परवाना तीन महिने बाद. तेवढ्या भीतीपोटी आपण डोकं झाकतो, तेही नाक्यावर पोलीस दिसला तर. नाका ओलांडला की हेल्मेट परत आरशाला. हेल्मेटला आयएसआय शिक्का 2021 च्या जूनपासून सक्तीचा झाला, तरी रस्त्याकडेला टोपलीत मिळणारी वाटी काही बंद झाली नाही. हातमोज्याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही. फ्रान्सनं 20 नोव्हेंबर 2016 पासून मोटारसायकलवाल्याला प्रमाणित हातमोजे सक्तीचे केले, मागं बसणाऱ्यालाही. बेल्जियमनं त्याच्याही आधी केले होते. आपल्याकडं अशी सक्ती झाली तर काय होईल ते मी आजच सांगतो: आठवड्याच्या आत दोरीवरच्या त्याच मोज्यांवर शिक्का छापून येईल आणि एकशेवीसचे दोनशेवीस होतील.

शिक्क्याचंच घ्या. बाजारात बऱ्याच मोज्यांवर 'सीई' अशी अक्षरं असतात, रबरी तुकड्यावर, ठसठशीत. त्या दोन अक्षरांवर भाळू नका. मोटारसायकलच्या मोज्यांसाठी युरोपाचं वेगळं मानक आहे, ईएन 13594, आणि त्याची 2015 ची आवृत्ती. खऱ्या मोज्याच्या आत शिवलेल्या पट्टीवर हा आकडा असतो, मोटारसायकलवाल्याचं छोटं चित्र असतं, आणि पातळी 1 की 2 ते लिहिलेलं असतं. पेरांचं संरक्षण तपासलं असेल तर 'केपी' अशी खूण असते. ती नसेल तर वरचं प्लास्टिक शोभेचं समजा. पातळी 1 चा अर्थ असा की तळव्याचं साहित्य खरखरीत फिरत्या पट्ट्यावर किमान 4 सेकंद टिकलं. पातळी 2 ला 8 सेकंद. चार सेकंद ऐकून हसू येत असेल तर तोच प्रयोग उघड्या तळव्यानं करायची कल्पना करा. याच मानकात पट्टा लावलेला मोजा हातातून ओढून काढायची चाचणी आहे. मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती हीच, आणि आपल्याकडं तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

मी विचारलं होतं. दुकानाचं नाव घेत नाही, कारण ते एकच दुकान नाही. काउंटरवर पाच-सहा जोड्या पडल्या होत्या. मी म्हटलं, माप काय आहे?

'फ्री साइज हाय दादा. ताणलं की बसतंय.'

'ताणलं की बसतंय म्हणजे ताणलं की निघणार पण.'

'न्हाई ओ, वेल्क्रो हाय की.'

मी पट्टा घट्ट लावला, हात पुढं केला आणि त्याला म्हटलं, बोटांची टोकं धर आणि ओढ. त्यानं ओढलं. मोजा त्याच्या हातात, माझा हात उघडा. त्यानं मोजा परत काउंटरवर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, 'एवढ्या जोरात कोण ओढतंय दादा?'

डांबर ओढतं. पण ते त्याला सांगून काय उपयोग? त्याच्याकडं जे येतं ते तो विकतो, आणि जे खपतं तेच येतं. 'हे ओरिजनल लेदर हाय का?' विचारणारे खूप, पण मोजा उलटून मागची बाजू बघणारा एक नाही. म्हणून रेक्झिन लेदरच्या नावावर जातं. ओळखायला डिग्री लागत नाही. जिथं कड कापलेली दिसते तिथं बघा. कातड्याच्या कडेला तंतू दिसतात, एकात एक गुंतलेले. रेक्झिनच्या कडेला कापड आणि त्यावर थापलेला प्लास्टिकचा थर वेगळा दिसतो. अंगठ्यानं दाबा. कातड्याला बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात आणि बोट काढल्यावर हळूहळू जातात. रेक्झिन दबतं आणि तसंच वर येतं. कातड्यातही सगळं सारखं नाही. वरचा थर शाबूत असलेलं पूर्ण कातडं वेगळं आणि तो काढून घेतल्यावर उरलेला खालचा थर, ज्याला स्प्लिट म्हणतात, तो वेगळा. स्प्लिट खरखरीत असतं, ढिलं असतं. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगचे राखाडी-पिवळे मोजे मिळतात ना, बरेचसे त्याचेच. काही हुशार लोक तेच घालून गाडी चालवतात आणि मला सांगतात, बघा, शंभर रुपयांत खरं कातडं! कातडं खरंच आहे. पण त्याला मनगटाला पट्टा नाही, आत बोटांच्या टोकांवर जाड शिवण, आणि क्लच कुठं धरतोय ते बोटांना कळत नाही. ते ठिणग्या झेलायला शिवलेत.

इथं आमच्याकडचे अभिमानी लोक हमखास एक मुद्दा काढतात. कोल्हापुरी चप्पल आपली, कातड्याचं कसब आपलं, मग मोजे बाहेरून कशाला? हे लोक मला विशेष आवडतात. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सोलापूरबरोबर आपले सांगली आणि सातारा आहेत, आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडानं मिलानच्या शोमध्ये तसल्या चपला मिरवल्या तेव्हा इथल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर रक्त उसळलं. उसळायलाच पाहिजे होतं. पण ज्यांचं रक्त उसळलं त्यांतल्या किती जणांनी चप्पल शिवणाऱ्याच्या दारात बसून त्याच्या हातातलं कातडं बघितलंय? कातडं म्हटलं की नाक मुरडायचं, जात आठवायची, आणि मिलानला गेलं की 'आपला वारसा'! असो, तो वेगळा लेख आहे.

मुद्दा असा की चपलेचं कातडं मोज्याच्या कामाचं नाही. ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, जाड, ताठ. पायाखाली ते वर्षानुवर्षं टिकतं, कारण त्यानं वाकू नये हीच अपेक्षा असते. मोज्याचं कातडं बोटाबरोबर वाकलं पाहिजे. ते बहुधा क्रोमनं कमावलेलं असतं, मऊ, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं. बकऱ्याचं कातडं यात फार गुणी. पातळ असूनही घट्ट तंतूंचं, त्यामुळं लिव्हरची जाण राहते आणि फाटतही लवकर नाही. गाईचं जरा जाड आणि घासायला जास्त टिकाऊ. म्हशीचं अजून जाडेभरडं. शर्यतवाले कांगारूचं घालतात. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. आपल्या हवेला बकऱ्याचं बघावं असं माझं मत. असं कातडं आपल्याच देशात तयार होतं. आंबूर, राणीपेठ, कानपूर, कोलकाता इथं हे उद्योग पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथून मोजे परदेशात जातात. म्हणजे जर्मनीतला गडी भारतातल्या कातड्याचा मोजा घालून फिरतो आणि वाळवा तालुक्यातला गडी रेक्झिनचा. सांगलीत किंवा कोल्हापुरात कुणाला हा माल शिवावासा का वाटत नाही, याचं उत्तर गिऱ्हाइकाजवळ आहे. तुम्ही तीस रुपयांसाठी घासाघीस करणार असाल तर कुठला कारागीर तुमच्यासाठी दुहेरी शिवण घालेल?

आता आरामाकडं येतो, कारण सगळ्या सबबी तिथूनच निघतात. 'गरम होतंय ओ.' 'पकड बसत नाही.' 'हात बधिर होतात.' खरं आहे, होतं. चुकीच्या मोज्यात सगळं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून वैशाखात आष्ट्याला गेलात तर घाम येणार नाही तर काय येणार? बोटांच्या मधल्या बाजूला आणि वर बारीक छिद्रं पाडलेलं बकऱ्याचं कातडं घालून बघा. वारा आत येतो, घाम जिरतो. थंड वाटेल असं मी म्हणणार नाही, वैशाख तो वैशाखच. पण हँडलच्या रबरावर घामेजलेला उघडा हात ठेवण्यापेक्षा बरं असतं, हे नक्की.

पकडीचं रडगाणं मापाचं असतं. हाताचं माप घ्यायला टेलरकडचा फीत-टेप पुरे. अंगठा सोडून, पेरांवरून, हात जिथं सगळ्यांत रुंद आहे तिथं गोल माप घ्या. ज्या हातानं लिहिता त्याचं घ्या, तो जरा मोठा असतो. आठ इंच भरला तर साधारण आठ नंबर, म्हणजे बऱ्याच कंपन्यांचा मध्यम. पण कंपनीकंपनीत फरक असतो, म्हणून माप म्हणजे सुरुवात. पुढची परीक्षा गाडीवर बसून. नवं कातडं किंचित घट्ट घ्यावं, ते हाताच्या उबेनं सैल होतं, चार-सहा आठवड्यांत तुमच्या हाताचं होतं. रेक्झिन मात्र होतं तेवढंच राहतं, मग फाटतं. घट्ट म्हणजे किती? मूठ वळता आली पाहिजे आणि बोटांच्या बेचक्यात ताण नको. हँडल धरल्यावर बोटाचं टोक मोज्याच्या टोकाला दाबायला नको, आणि तिथं लोंबता रिकामा कोपराही नको. तो कोपरा ब्रेकच्या लिव्हरखाली सापडतो. तळव्यात कातड्याच्या घड्या पडत असतील तर तो मोजा ठेवून द्या. त्या घडीनं इस्लामपूर ते कोल्हापूर एवढ्यातच फोड येतो.

बोटांची ठेवण बघा. चांगल्या मोज्याची बोटं सपाट पसरलेली नसतात, हँडल धरल्यासारखी आधीच वळवून शिवलेली असतात. टेबलावर ठेवला की तो थोडा मुठीसारखा बसतो. दोरीवरचे सगळे मोजे गाडी थांबवणाऱ्या पोलिसाच्या हातासारखे सरळ असतात, कारण दोन चपटे तुकडे एकमेकांवर ठेवून शिवणं सोपं. त्यात मूठ वळायला तुमच्या बोटांनाच जोर लावावा लागतो, आणि तासाभरानं जो हात भरून येतो तो त्या जोरानं. शिवण कुठं आहे तेही आत बोट फिरवून बघा. टोकांवर आत जाड शिवण असेल तर नखाला टोचत राहील. तळव्यावर जाड फोम भरलेला मोजा हाताला मऊ लागतो आणि म्हणूनच खपतो. पण तो फोम हँडल आणखी जाडं करतो, क्लच कुठं धरला ते कळू देत नाही. तळव्याला दुसरं कातडं पाहिजे, गादी नको. हे वाक्य दुकानदाराला ऐकवाल तर तो तुमच्याकडं वेड्यासारखं बघेल, बघू दे.

सबबींचा राजा वेगळाच आहे: 'मोबाईल चालत नाही ओ मोज्यात.' चालत नाही हा त्या मोज्याचा मोठेपणा आहे.

अर्ध्या बोटांच्या मोज्यांबद्दल काय बोलावं? बुलेटवर बसलेला, दाढी राखलेला, मागं झेंडा लावलेला, आणि बोटं पेरापासून पुढं उघडी. दिसायला रुबाबदार. पडताना कोणती बोटं वाचवायची ते त्यानं आधी ठरवून ठेवलंय, एवढंच यातून कळतं.

या गावात रोज, न चुकता, सवयीनं हातमोजे घालणारा एकच वर्ग आहे: स्कूटीवरून जाणाऱ्या बायका. कोपरापर्यंतचे कातडीच्या रंगाचे मोजे, वर सनकोट, तोंडाला स्कार्फ. ऊन लागू नये म्हणून. त्यांची टिंगल करणारे बाप्ये बघितले की मला त्या बाप्यांची कीव येते. निदान त्या घालतात तरी. सवय आहे, शिस्त आहे, फक्त कापड चुकीचं आहे. पडल्यावर नायलॉन घासाच्या उष्णतेनं वितळून कातडीला चिकटतं. बायकांच्या हाताच्या मापाचे कातडी मोजे आपल्या बाजारात बघायला मिळत नाहीत. मग 'लेडीजसाठी फ्री साइजच घ्या' म्हणून एक सैल जोडी गळ्यात मारतात. मोज्यांचं सगळ्यांत मोठं तयार गिऱ्हाईक गावात आहे आणि दुकानदार त्याच्याकडं बघत नाही, याला धंदा म्हणतात?

पैशांचं मी टाळणार नाही. चांगले, शिक्का असलेले कातडी मोजे तीन ते सहा हजारांच्या घरात पडतात. रॉयल एन्फील्ड विकते, मुंबईची रायनॉक्स विकते, बंगळुरूच्या कंपन्या आहेत, आता घरपोच येतात आणि माप चुकलं तर बदलून मिळायची सोयही बऱ्याच ठिकाणी आहे. चार हजारांचे घेतले आणि दोन वर्षं वापरले तर दिवसाला साडेपाच रुपये. टपरीवरच्या एका चहाला त्याच्या दुप्पट जातात. पावसात भिजले तर सावलीत वाळवा, चुलीवर किंवा उन्हात टाकू नका, अधूनमधून कातड्याचं तेल किंवा मेण लावा; दोन वर्षांहून जास्त जातील. हलक्या मोज्याचा काळा रंग पहिल्या पावसात तळव्यावर उतरतो आणि आठवडाभर जात नाही, ते वेगळंच.

पहाटे पाचला धुक्यात दोन्ही बाजूंना कॅन लावून डेअरीकडं निघालेला दूधवाला माझ्या रागाचा धनी नाही. त्याच्याकडं चार हजार नाहीत. थंडीत तो हातात जुने लोकरी पायमोजे घालतो, ते लिव्हरवरून घसरतात, आणि तरी तो येतो, कारण दूध थांबत नाही. त्याला कातडी मोजे मिळायचे असतील तर ते दूध संघानं द्यावेत, साखर कारखान्यानं आपल्या चिटबॉयला द्यावेत, कुरियर कंपन्यांनी पोरांना द्यावेत. गाडी चालवायला लावून काम करून घेता, तर हात झाकायची जबाबदारी काम करून घेणाऱ्याची. दिवाळीला बोनसबरोबर मिठाईचा पुडा देता, एका वर्षी मोजे द्या.

राग आहे तो दोन लाखांच्या गाडीवाल्यावर. घर्षणाचे नियम पाठ करून अभियांत्रिकीचे पेपर लिहिणाऱ्या पोरावर आणि त्याला पहिल्या वर्षाला गाडी घेऊन देणाऱ्या बापावर. हप्ते फेडायची ऐपत आहे, 'पोरगं कॉलेजला बसनं कसं जाईल' ही काळजी आहे, पण त्याच पोराच्या हाताची काळजी नाही. शोरूमवालाही त्यातला. नव्या गाडीबरोबर हेल्मेट द्यावं असा नियम आहे म्हणून एक कसलं तरी देतो. क्रॅश गार्ड, सीट कव्हर, साडी गार्ड, टाकीचं स्टिकर असं सगळं बिलात चढवतो. काचेच्या कपाटात मोज्यांची एक जोडी असते, फक्त एकाच मापाची, धूळ बसलेली, तीही वरची बाजू दिसेल अशी ठेवलेली.

शोरूमवाल्यांना सांगणं एवढंच की त्या कपाटात चार मापं ठेवा, आणि तळवा वर करून ठेवा. गाडी घेऊन देणाऱ्या बापाला सांगणं असं की गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगच्या आत पोराच्या हाताचं माप घ्या. आणि जो कुणी उद्या दुकानात जाईल त्यानं मोजा घालावा, पट्टा घट्ट लावावा आणि सोबतच्याला बोटांची टोकं धरून जीव खाऊन ओढायला सांगावं. निघून आला तर तो काउंटरवर ठेवून बाहेर पडा. दुकानदार मागून 'शंभरला देतो' म्हणेल, तरी वळू नका.